धार गेलेला दात

संग्रहालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, दर शनिवारी एक टेबल मांडलं जातं. टेबलावर हिरवं कापड, एक दिवा, दोन भिंगं, पाण्याची वाटी आणि टेबलामागे ती. कुणाला कुठे हाडासारखं काही सापडलं की तो ते रुमालात, बुटाच्या खोक्यात, कधी लेकराच्या दुपट्यात गुंडाळून तिच्याकडे घेऊन येतो आणि श्वास रोखून समोर बसतो. ती ते उचलते, उलटंसुलटं करते, दिव्याखाली धरते आणि शेवटी, समोरच्याला किळस येवो की न येवो, जिभेचं टोक त्याला लावते. फार फार जुनं हाड जिभेला चिकटतं, साधा दगड चिकटत नाही. एवढंच ते शास्त्र, पण बघणाऱ्याला त्यात जादूटोणा दिसतो.

लोक तिला हाडवैद्यीण म्हणतात. एकदा एक गृहस्थ खरोखरच मुरगळलेला पाय घेऊन लंगडत आले आणि आपली पाळी येईपर्यंत निमूट रांगेत बसून राहिले. तिनं त्यांना पाय बर्फात ठेवायला सांगितलं, आणि पाय आणखी बराच जुना झाला की मग घेऊन या, असंही वर सांगितलं. ते हसले नाहीत. तिच्या विनोदाला हसणारी माणसं तशी थोडीच.

टेबलावर येतात ते बहुतेक दगडच. गोल दगड म्हणजे अंडं, लांबट दगड म्हणजे शेपटीचं टोक, आणि भोकं पडलेला दगड म्हणजे मेंदू. एका बाईंनी तर फुटक्या गटाराच्या नळाचा तुकडा मानेचा मणका म्हणून आणला होता आणि तो तसा नाही म्हटल्यावर हाडवैद्यिणीच्या शिक्षणाची चौकशी केली होती. "दगड आहे, पण छान दगड आहे," असं ती प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकाचा चेहरा सारखाच पडतो. खरं हाड निघालं तरी ते पाला खाणाऱ्या गरीब जनावराचं असलं की माणूस खट्टूच होतो. आपल्या परसात एखादा दात विचकून मेलेला राक्षस असावा, अशी माणसाच्या जातीला फार हौस आहे. तिला स्वतःलाही ती होती, आणि तिनं ती कधी लपवली नाही.

तर एका गुरुवारी दुपारी, टेबल घडी करून भिंतीला टेकवलेलं असताना, काका आला.

काका गुरुवारी कधी यायचा नाही. तो यायचा शनिवारी, लोक जेवायला उठल्यावर, टोपी डोळ्यांवर ओढून. त्याला तिथे कुणी भेटायला नको असायचं. कुणी म्हणजे तिचे बाबा, म्हणजे त्याचाच सख्खा थोरला भाऊ. दोघांनी बोलणं टाकल्याला आता एक पिढी लोटली होती. त्या दिवशी मात्र त्याचा डंपर मागच्या गल्लीत चालू इंजिनानं धडधडत उभा होता, आणि काकाच्या छातीशी त्याचंच जाकीट गाठोड्यासारखं आवळलेलं होतं.

"चिमणे, दार लाव," तो म्हणाला.

चिमणीचे केस आता निम्मे पांढरे झाले होते, पण काकाला ते कुणी सांगायचं? तिनं दार लावलं, टेबल उघडलं, दिवा पेटवला. काकानं जाकीट सोडलं आणि तिचा हात वाटीला लागून पाणी सांडलं.

खालच्या जबड्याचा पुढचा अर्धा भाग होता. लांबी कोपरापासून मनगटापर्यंत, रंग जळक्या लाकडाचा, आणि सगळ्या खाचाखोचांत निळसर चिकणमाती गच्च बसलेली. काकाची एरवीची तऱ्हा म्हणजे दिसलं की उपटायचं. त्यानं आणलेली हाडं बिचारी इतकी वर्षं तुकड्यांतच तिच्याकडे यायची. "या वेळी हातही लावला नाही," तो म्हणाला. "चिखलासकट आणलंय. बघ तू."

"कुठे मिळालं?"

हाडं शोधणारी माणसं कधी जागा सांगत नाहीत. बायकोलाही नाही. काका नेहमी "नदीकडे" एवढंच म्हणायचा, आणि नदी तर केवढी लांब. या वेळी त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"जुन्या वीटभट्टीच्या खाणीत. त्याच कोपऱ्यात."

तो कोपरा कुठला हे तिला सांगावं लागलं नाही. भट्टी बंद पडल्यावर खाणीत पाणी भरलं होतं आणि तिथे काही मिळायची आशा सगळ्यांनीच सोडली होती. आता पंप लावून पाणी उपसलं होतं, कारण तिथे इमारती व्हायच्या होत्या. पाडकामाचा राडारोडा टाकून खाण बुजवायचं काम चालू होतं आणि काका त्याच ठेकेदाराच्या गाडीवर होता.

"सोमवारी सकाळी त्या कोपऱ्यात पहिली गाडी रिकामी करायची आहे," तो म्हणाला. "माझीच. आणि बाकीचं तिथेच आहे, चिमणे. मातीत आत शिरलेलं मी या डोळ्यांनी बघितलंय. डोकं आहे. अख्खं डोकं असणार! मी मुकादमाला म्हणालो, तर तो म्हणतो, हाडं बघायची असतील तर खाटकाकडे जा."

तिनं भिंग डोळ्याला लावलं.

त्या काळी या भागात मोठी दलदल होती आणि तिच्यात दोन तऱ्हेचे दातवाले राहायचे. एक मगरीचे लांबचे भाऊबंद, पाण्यात ओंडक्यासारखे पडून राहणारे. त्यांच्या हाडांनी संग्रहालयाचं गोदाम इतकं भरलंय की संचालक त्यांचं नाव काढलं तरी कपाळाला हात लावतात. दुसरा जमिनीवरचा, दोन पायांवर धावून भक्ष्य पाडणारा. तो इथे होता असं सगळे म्हणायचे, पण त्याचं खात्रीचं एकही हाड कुणाच्या हाती लागलं नव्हतं. दोघांतला फरक सांगतो तो दात. मगरीच्या भाऊबंदाच्या दाताची कड गुळगुळीत. शिकाऱ्याच्या दाताची कड करवतीसारखी, बारीक दात्यांची, कारण त्याला मांस कापायचं असतं.

आणि या जबड्यातला एकही दात शाबूत नव्हता. सगळे हिरडीच्या रेषेत मोडलेले, नुसते खुंट उरलेले. खुंट चपटे होते, शिकाऱ्याचे असतात तसेच. पण मगरीच्या भाऊबंदांतही एक चपट्या दातांचा निपजतो. तिचं मन ओरडून सांगत होतं की हा तोच आहे, पण मनाच्या ओरडण्यावर कुणी खाण थांबवत नाही.

संचालकांनी तेच सांगितलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त कायम निघायच्या घाईत असायचे. "खात्री असेल तर मी आत्ता फोन करतो," ते म्हणाले. "शिकारी असेल तर खुद्द नगराध्यक्ष येऊन त्या कोपऱ्याला दोरी बांधतील. पण अंदाज असेल तर नको. मगर निघाली तर पुढच्या वेळी आपला फोन कोण उचलेल? शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगा."

ती खाली आली आणि पुन्हा खुंट बघत बसली. पुढून तिसऱ्या खुंटाशी भिंग थांबलं. बाकीचे आडवे मोडले होते, हा तिरका मोडला होता, एका बाजूला उंच आणि मध्ये लहानशी खोबण. हा तिरकेपणा तिनं पूर्वी कुठेतरी बघितला होता. कुठे, ते आठवलं तेव्हा तिनं भिंग खाली ठेवलं.

ती शाळेत होती तेव्हा दर रविवारी तिघं त्या खाणीत जायचे. काकाची नजर घारीची. चालता चालता तो मध्येच वाकायचा आणि मातीतून काहीतरी उचलायचा. बाबा घड्याळजी. त्यांचा हात असा की मुंगीच्या पायातला काटा काढतील. काकानं शोधायचं, बाबांनी घरी आणून साफ करायचं, काकानं बाजूला उभं राहून दिवा धरायचा आणि तिनं दोघांच्या मधून डोकं घालून बघायचं. दिवा हलला म्हणून बाबा काकावर खेकसायचे आणि काका मुद्दाम आणखी हलवायचा. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची वर्षं होती, हे तिला तेव्हाच कळत होतं.

मग एका रविवारी खाणीच्या त्या कोपऱ्यात काकाला दात सापडला. बोटभर लांब, काळा, चपटा, बुडाशी तिरका मोडलेला. विद्यापीठातल्या प्राध्यापकांकडे न्यायचा ठरला. जाण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी तो दुकानात नेला आणि घड्याळांची कवचं चमकवायच्या चाकावर लाल लेप लावून असा काही घासला की त्यात तोंड दिसावं. खाली पितळी कडं बसवून उभा केला. प्राध्यापकांनी तो भिंगाखाली धरला, कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "धार नाही. असेल तर घासून गेली. आता याचं काहीच सांगता येणार नाही."

काका घरी येऊन बाबांना काय काय बोलला ते तिनं दाराआडून ऐकलं होतं. तुला बघवलं नाही, म्हणाला. माझं नाव होईल ते तुला सहन होईना, म्हणाला. बाबांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि तेच काकाला कबुलीसारखं वाटलं. तो दात टेबलावर टाकून निघून गेला. तिनं हाडांचा धंदा धरला तो प्राध्यापकांच्या त्या एका वाक्यापायी. पुढे काका तिच्या टेबलाशी येऊ लागला, पण त्यानं तिला शपथ घातली होती की दादाला कळता कामा नये. तिनं ती पाळली. एका घरात राहून बापापासून इतकी वर्षं एक गोष्ट लपवायची म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच विचारा.

आता तो दात हवा होता. तो या खुंटावर बसला, तर निदान काहीतरी हाती लागेल. आणि दात मागायचा तर सगळंच सांगावं लागणार होतं.

शुक्रवारी ती जेवायला बसली तेव्हा घरातली घड्याळं एकदम वाजली. बाबांच्या घरी सगळी घड्याळं एका दमात ठोके देतात. शेजारी त्या ठोक्यांवर औषधं घेतात.

"बाबा, तो दात कुठे आहे?"

"माझे सगळे दात वाटीत आहेत," बाबा म्हणाले. "रात्री काढून ठेवतो."

आई हसली नाही. म्हणजे तिला कळलं होतं.

"काकाचा दात," लेक म्हणाली.

बाबांचा घास हातातच राहिला. तिनं मग एका श्वासात सगळं सांगून टाकलं: जबडा, खाण, सोमवार, आणि काका दर महिन्याला तिच्याकडे येतो हेही. सांगताना ती ताटाकडे बघत होती. मान वर केली तेव्हा बाबांचा चेहरा इतका पांढरा पडला होता की तिला वाटलं आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं.

"दर महिन्याला," बाबा म्हणाले.

"हो."

"आणि मी तुला रोज विचारतो, आज कोण कोण आलं होतं."

बाबा उठले, हात धुतले. "तो दात मी केव्हाच टाकून दिला," ते पाठमोरेच म्हणाले आणि खोलीत गेले. दाराला कडी लागली. त्या घरात आतून कडी कधी लागत नसे.

तिला जेवण गेलं नाही. आईनं ताटं उचलली. "आता दारावर धडका मारू नकोस," आई म्हणाली. "तुला बोलायचं ते बोललीस. त्यांना गिळायला वेळ लागतो."

शनिवारी टेबल मांडलं. एक नवं लग्न झालेलं जोडपं अंडं घेऊन आलं. एका म्हाताऱ्यानं गाईचं गुडघ्याचं हाड आणलं. तिचं लक्ष इतकं उडालं होतं की तिनं हाडाऐवजी टेबलावरच्या कागद दाबायच्या दगडालाच जीभ लावली आणि म्हाताऱ्यानं तिच्याकडे संशयानं बघितलं. काका सकाळपासून कोपऱ्यातल्या स्टुलावर गुडघ्यावर टोपी ठेवून बसला होता. जबडा ओल्या फडक्याखाली झाकलेला होता. संचालकांनी एकदा डोकावून भुवया उंचावल्या.

"नाही येणार तो," काका म्हणाला. "मी ओळखतो त्याला. दात असेलही त्याच्याकडे, पण माझ्यासाठी म्हणून नाही द्यायचा."

"टाकून दिला म्हणाले."

"बघ."

लोक जेवायला उठले. खोली रिकामी झाली. आणि दारात बाबा उभे राहिले.

गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला इस्त्रीचा शर्ट, ओल्या केसांचा भांग. मागे आई, आणि आईच्या हातात त्यांची जुनी हत्यारांची चामडी पिशवी. बाबांनी कोपऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते चालत आले, लोक बसतात त्या खुर्चीत, लोक बसतात तसेच अवघडून बसले, आणि खिशातून घड्याळाची डबी काढून हिरव्या कापडावर ठेवली.

"बाई," ते लेकीला म्हणाले, "हे काय आहे ते सांगा."

तिनं डबी उघडली. कापसावर तो दात होता, पितळी कड्यात उभा, आजही आरशासारखा लखलखीत. त्यावर धुळीचा कण नव्हता. कुणीतरी तो अधूनमधून पुसत आलं होतं.

"कडं काढावं लागेल," ती म्हणाली. बाबांनीच ते काढलं. कड्याखालची बाजू त्यांनी घासली नव्हती. दिसणारच नव्हती तर घासायची कशाला? ती खरबरीत होती, तिरकी होती, आणि मध्ये एक लहानसा उंचवटा होता. तिनं जबड्यावरचं फडकं काढलं, खुंट ब्रशनं साफ केला आणि दात त्यावर अलगद टेकवला.

उंचवटा खोबणीत गेला. दात बसला. असा बसला की सांधा कुठे आहे ते बोटाला लागेना.

काका स्टुलावरून उठून टेबलाशी आला होता. आई तोंडावर हात धरून उभी होती. लेकीनं भिंग घेतलं आणि दाताच्या कडेवरून नख फिरवलं, एकदा पुढून, एकदा मागून. नख सरळ घसरलं. पुन्हा फिरवलं. बाबांचं काम कधी अर्धवट नसे. त्या कडेवर एकही दाता उरला नव्हता.

"दात याच जबड्यातला आहे," ती म्हणाली. "पण धार नाही." आणि आपण अगदी प्राध्यापकांचंच वाक्य बोललो हे तिच्या ध्यानात आलं.

काकाचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं भावाकडे बघितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तेव्हा एकदा, आज एकदा, दोनदा मारलंस, दादा, तू याला," तो म्हणाला. "सोमवारी मी मारणार, ते तिसरं."

तो खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला. बाबा खुर्चीत होते तिथेच होते, हात मांडीवर उताणे ठेवून. त्या हातांकडे तिला बघवेना. काहीतरी करायचं म्हणून तिनं जबडा उचलला, दात काढून ठेवला, जबडा उलटा केला, आतल्या बाजूनं दिव्याखाली धरला. धरायचं काही कारण नव्हतं.

तिसऱ्या खुंटाच्या खाली, जिभेकडच्या बाजूला, हाडात मसुराच्या दाण्याएवढं एक भोक होतं. मातीनं बुजलेलं. आणि त्या मातीत काहीतरी काळं चकाकत होतं.

"बाबा," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "काका."

या जनावरांना माणसासारखं दुधाचे दात आणि मग कायमचे, असं नसतं. जन्मभर नवे दात येत राहतात. जुना तोंडात असतानाच त्याच्या मुळाशी नवा तयार होत असतो, आपली पाळी येईपर्यंत हाडात दडून. हे तिला पाठ होतं. पण खुंट बघण्याच्या नादात तिनं भोक बघितलं नव्हतं.

"इथे नवा दात आहे," ती म्हणाली. "बाहेर आलेलाच नाही. याची धार कुणी..." ती थांबली, पण जे राहिलं ते सगळ्यांना ऐकू गेलं.

आता ती माती काढायची होती. माती विटेसारखी कडक, भोक इवलंसं, आणि त्यापलीकडे केसाएवढे बारीक दाते. सुई निसटली की संपलं. संग्रहालयातली हाडं साफ करणारा कारागीर निवृत्त झाल्यापासून ती जागा कुणी भरलीच नव्हती. तिचा डोळा पक्का, पण हात आडमुठा. आपल्या हातानं किती हाडांचे टवके उडालेत ते तिचं तिलाच ठाऊक. काकाच्या हाताचा तर प्रश्नच नव्हता. टेबलावर आईनं केव्हाच ती चामडी पिशवी ठेवून दिली होती, आणि त्या पिशवीकडे न बघायचा प्रयत्न तिघंही करत होते.

वेळ जात होता. बाहेर कुठेतरी एक गाडी मागे घेतल्याचा पीं पीं आवाज येत राहिला.

"दादा," काका खिडकीतून न वळताच म्हणाला, "तू काढ."

बाबा चपापले. "नको," ते म्हणाले. "आता हात कापतो माझा. आणि माझ्या हाती देतोस? परत?"

"दुसरं कोण आहे?" काका वळला. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते आणि तो भांडायच्या आवाजातच बोलत होता. "कापू दे हात. दिवा मी धरतो."

त्यानं दिवा उचलला आणि भावाच्या डाव्या खांद्याशी येऊन उभा राहिला. त्याची जागा तीच होती.

बाबांनी पिशवी सोडली. भिंग डोळ्यात बसवलं. सुया, पेचकस, चिमटे सगळं एका बाजूला सारलं, पोलादाला हात लावला नाही. एक बारीक लाकडी काडी घेतली, घड्याळातली भोकं साफ करायची असते ती, आणि तिचं टोक पात्यानं तासलं. पाण्याचा एक थेंब मातीवर सोडला. तो मुरेपर्यंत थांबले. मग काडी टेकवली.

हात कापत होता. तिला स्पष्ट दिसत होतं. बाबांनी मनगट जबड्यावर टेकवलं, कोपर छातीशी धरलं, श्वास सोडला, आणि श्वास परत घेईपर्यंतच्या तेवढ्या वेळात काडी फिरवली. मातीचा एक कण निघाला. पुन्हा थेंब, पुन्हा थांबणं, पुन्हा एक कण. एकदा काडी घसरली आणि आईच्या तोंडून "अगंबाई" निघालं. बाबा तसेच गोठले. काडीचंच टोक मोडलं होतं. त्यांनी ते पुन्हा तासलं.

"दिवा हलतोय," बाबा म्हणाले.

"नाही हलत," काका म्हणाला. दिवा खरंच हलत नव्हता. काकाच्या कपाळावरून घाम नाकावर आला होता आणि तो पुसायला त्यानं हात काढला नाही.

काळी चकाकी मोठी झाली. तिची कड दिसू लागली. तिनं दोघांच्या मधून डोकं घातलं आणि भिंग धरलं. मातीतून बाहेर आलेल्या तेवढ्याशा कडेवर, एकाला एक लागून, अगदी सारखे, करवतीचे दाते होते. पाण्यात भिजून ते उजेडात लुकलुकत होते.

"आहे," ती म्हणाली. "धार आहे. शिकारी आहे."

बाबांनी काडी खाली ठेवली.

"थांबलास का?" काका म्हणाला. "अजून थोडं. टोकापर्यंत दिसू दे की."

"नाही." बाबांनी भिंग डोळ्यातून काढलं. "ओळख पटली ना? मग बस. आता एक कणही काढायचा नाही. बाकीचं मातीत नीट राहील."

तिनं वर फोन केला. संचालक जिना दोन-दोन पायऱ्या उतरत आले, भिंगातून बघितलं, एकदा बघून पुन्हा बघितलं, आणि तिथेच उभं राहून नगरपालिकेला आणि मग ठेकेदाराला फोन लावला. त्या कोपऱ्यात सोमवारी काही टाकायचं नाही, असं ते सांगत होते. पलीकडून काहीतरी आरडाओरडा चालला होता आणि ते शांतपणे पुन्हा तेच सांगत होते. एकदा त्यांनी फोनवर हात ठेवून काकाला विचारलं की तुमची नोकरी जाईल का, आणि काका म्हणाला, गेली तर गेली.

ती जबड्यावर ओलं फडकं घालत होती. तिच्या मागे बाबा हळू आवाजात बोलले, पण ती खोली लहान आहे.

"तेव्हाही थांबायला हवं होतं मला," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी तुझा वाढदिवस होता. सर बघतील, तुझं कौतुक करतील, तर तो नुसता मातकट कसा न्यायचा, असं वाटलं. चमकवला तर तुला आवडेल, असं वाटलं रे."

तिनं मागे वळून बघितलं नाही. फडक्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

काकानं तो घासलेला दात टेबलावरून उचलला, दिव्यासमोर धरला, आणि त्यात आपलं तोंड दिसतंय का ते बघितलं.

"चमकतो मात्र छान, दादा," तो म्हणाला.